कराटे आणि काठी : दोन्हींत स्पर्धात्मक कारकीर्द एकाच वेळी घडू शकते का?

धागाकर्ता

माझी भाची १६ वर्षांची असून कोल्हापुरात अकरावीत शिकते. ती शाळेत असल्यापासून कराटेच्या कुमिते प्रकारात, म्हणजे प्रत्यक्ष लढतीत, खेळते आणि त्याच जोडीला घराजवळच्या तालमीत मर्दानी खेळही शिकते. त्यांपैकी लाठी हा तिचा सर्वांत आवडता प्रकार आहे. कराटेत ती जिल्हा आणि विभाग पार करून राज्य पातळीवर खेळली आहे, तर लाठीत प्रात्यक्षिकांबरोबरच अलीकडे गुणांवर चालणाऱ्या लढतींतही उतरू लागली आहे.

आता तिच्या दोन्ही गुरूंची तक्रार एकाच वेळी कानांवर येते. कराटेचे सर म्हणतात की लाठीमुळे तिचा ठोसा मारून झाल्यावर हात मागे येण्यास उशीर होतो आणि ती सरळ आत शिरण्याऐवजी बाजूला वळसा घेत राहते. तालमीतले वस्ताद म्हणतात की कराटेमुळे तिची नजर समोरच्या एकाच माणसावर खिळून राहते आणि मागच्या पायाचा पवित्रा उथळ झाला आहे. दोघेही तिच्यावर मनापासून मेहनत घेतात, त्यामुळे कोणाचेही म्हणणे उडवून लावता येत नाही.

माझे स्वतःचे मत असे आहे की अंतराचा जो अंदाज तिला आज कुमितेत उपयोगी पडतो, तो तिला काठीनेच दिला. लहानपणी साडेपाच फुटांच्या काठीचे टोक आपल्यापासून किती लांब आहे हे डोळ्यांनी मोजायला शिकलेल्या मुलीला समोरच्या खेळाडूचा पाय कुठपर्यंत पोहोचेल हे सांगावे लागत नाही. परंतु मी खेळाडू नाही. म्हणून जाणकारांना विचारतो : या वयात एक निवडून दुसरे सोडावे, की दोन्ही चालू ठेवता येतील? आणि चालू ठेवायचे असतील तर स्पर्धा कोणत्या खेळाच्या खेळाव्यात?

जुना पंच

आपण प्रश्न अगदी नेमक्या ठिकाणी मांडला आहे, कारण अडचण सरावात नसून स्पर्धेच्या नियमांत आहे. मी बरीच वर्षे कुमितेच्या लढतींत पंच म्हणून उभा राहिलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

कुमितेत हाताच्या ठोशाला १ गुण (युको), धडावरच्या लाथेला २ गुण (वाझा-आरी) आणि डोके किंवा मानेवरच्या लाथेला ३ गुण (इप्पोन) मिळतात. पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर केलेल्या अचूक प्रहारालाही ३ गुण असतात. ८ गुणांची आघाडी झाली की लढत तेथेच संपते. गुण बरोबरीत राहिले तर ज्याने प्रतिस्पर्ध्याला गुण मिळू न देता पहिला गुण घेतला, त्याला 'सेन्शू'चा लाभ मिळतो. आपल्या भाचीच्या वयोगटात लढत दोन मिनिटांची असते. एवढ्या अल्प वेळात पहिला गुण कोण घेतो याला फार महत्त्व येते, आणि तो बहुतेक वेळा पुढच्या हाताच्या किझामी-झुकीने किंवा मागच्या हाताच्या ग्याकु-झुकीने मिळतो. हे दोन्ही ठोसे सरळ रेषेत जातात आणि सरळ रेषेतच परत येतात.

काठीचा वार वर्तुळात फिरतो. काठी थांबवून मागे खेचणे हे लाठीत दोषाचे मानले जाते, कारण फिरकीचा वेग मोडला की पुढचा वार मंदावतो. कराटेत याच्या उलट आहे : ठोसा लागल्यावर हात ताबडतोब मागे आला नाही, तोल आणि सावधपणा राहिला नाही, तर पंच गुण देत नाहीत. आपल्या भाचीच्या सरांना जो उशीर दिसतो, तो आळस नाही. तिच्या खांद्याला जी सवय लागली आहे तिचा तो परिणाम आहे. ती सवय घालवता येते, मात्र त्यासाठी दोन्ही सराव एकाच दिवशी पाठोपाठ करू नयेत.

वळसा घेण्याबद्दलही एक गोष्ट सांगतो. कुमितेची चौकट ८ मीटर बाय ८ मीटरची असते आणि बाहेर पाऊल पडले तर 'जोगाई'चा दोष लागतो. लाठीच्या खेळाडूंना मोकळ्या मैदानात गोल फिरण्याची सवय असते, त्यामुळे कडेला गेल्यावर आपण कडेला आहोत हे त्यांच्या लक्षात येत नाही. सरावाच्या चटईवर कडेची एक मीटर पट्टी वेगळ्या रंगाची करून तिला त्या पट्टीजवळूनच लढती खेळायला लावाव्यात.

सर्वांत गंभीर मुद्दा प्रहाराच्या नियंत्रणाचा आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी पुरुषांच्या ७५ किलोंवरील गटाची अंतिम लढत झाली, ती अनेकांनी पाहिली असेल. सौदी अरेबियाचा तारेग हामेदी ४-१ असा पुढे होता. त्याची उंच लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहला इतक्या जोरात लागली की तो बेशुद्ध होऊन पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. पंचांनी अनियंत्रित प्रहाराबद्दल हामेदीला बाद ठरवले आणि सुवर्णपदक गंजजादेहला मिळाले. तो निर्णय अनेकांना पटला नाही. मला तो तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. कराटेच्या लढतीत जोर दाखवण्याइतकेच जोर रोखण्याला मोल आहे. काठीच्या ज्या स्पर्धांत चिलखत आणि शिरस्त्राण घालून पूर्ण जोराने वार करतात, त्या स्पर्धांत हा संयम सैल होतो. म्हणून आपल्या भाचीने काठीच्या लढती खेळाव्यात, पण केवळ स्पर्शाला गुण देणाऱ्या खेळाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे.

तालमीतला

पंचसाहेबांनी लिहिलेले बहुतांशी मान्य आहे, मात्र काठी थांबत नाही हे विधान अर्धेच खरे आहे. फिरकी थांबत नाही, पण लढंतीतला वार थांबतो. फरीगदग्यात, म्हणजे एका हातात फरी (लहान ढाल) आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन खेळायच्या प्रकारात, शिर, तमाचा, बाहेरा हे वार शिकवताना वस्ताद पहिल्या दिवसापासून वार जोडीदाराच्या अंगाजवळ आणून रोखायला लावतात. समोर रोज भेटणारा आपल्याच तालमीतला पोर असतो. त्याचे डोके फुटले तर दुसऱ्या दिवशी खेळायचे कोणाबरोबर? नियंत्रण आमच्याकडेही आहे, फक्त ते गुणपत्रिकेवर लिहिले जात नाही.

खरी अडचण अशी की आपल्याकडे मर्दानी खेळ मिरवणुकीचा आणि प्रात्यक्षिकाचा होऊन बसला. शिवजयंतीला आणि दसऱ्याला टाळ्या मिळतात, डोळ्यांवर पट्टी बांधून लिंबू कापल्याचे मोबाईलवर चित्रण होते, आणि लढंत मागे पडते. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला, त्याचा आम्हांला आनंद आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवून आले, त्याचाही अभिमान आहे. परंतु सोळा वर्षांच्या मुलीला स्वतःची बरोबरी दुसऱ्याशी करून पाहायची असते, आणि ते प्रात्यक्षिकात होत नाही. तिला लढतीत उतरावेसे वाटते यात तिचे काहीच चुकत नाही.

पवित्र्याबद्दल तिच्या वस्तादांचे म्हणणे मात्र गांभीर्याने घ्यावे. कुमितेत खेळाडू टाचा उचलून सतत उसळत असतो. लाठीत मागची टाच जमिनीवर टेकलेली नसेल तर दुहाती वार झेलताना माणूस हलतो. माझ्याकडे येणाऱ्या कराटेपटूंना मी पहिला महिनाभर काठी फिरवूच देत नाही. फक्त काठी आडवी धरून समोरचे वार झेलायला लावतो. टाच आपोआप खाली येते.

चेन्नईकर

मी मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त चेन्नईत स्थायिक आहे. माझा मुलगा येथे कराटे आणि सिलंबम, म्हणजे तमिळनाडूचा पारंपरिक काठीचा खेळ, दोन्ही शिकतो आणि येथे असे करणारी मुले अनेक दिसतात, म्हणून लिहावेसे वाटले.

सिलंबममध्ये काठी साधारणपणे खेळाडूच्या कपाळापर्यंत उंच असते, आणि शिकवण्याची सुरुवात काठीपासून न होता पायांपासून होते. 'कालडी' म्हणजे पावले टाकण्याच्या ठरावीक रचना. त्या अंगवळणी पडेपर्यंत आसान, म्हणजे गुरू, पुढचे शिकवत नाहीत. स्पर्धांत एक काठी फिरवणे, दोन काठ्या फिरवणे अशा वैयक्तिक सादरीकरणाच्या बाबी असतात आणि त्यांखेरीज काठीच्या स्पर्शावर गुण देणाऱ्या लढती असतात. पूर्वीच्या लढतींत काठीच्या टोकाला रंग लावत आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किती ठिपके उमटले ते मोजत.

तमिळनाडूत झालेल्या खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धांत, म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये, सिलंबमला प्रात्यक्षिक खेळाचे स्थान मिळाले होते. त्याआधीच्या हरियाणातील स्पर्धांपासून पंजाबचा गतका, मणिपूरचा थांग-ता, केरळचे कलरीपयट्टू आणि मल्लखांब हे खेळ त्या स्पर्धांत आले आहेत. गोव्यात २०२३ मध्ये झालेल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत तर गतक्याची पदकेही दिली गेली. गतक्यात लाकडी सोटी आणि फरी असते, म्हणजे आपल्या फरीगदग्याचा तो सख्खा भाऊच. काठीच्या खेळांना स्पर्धेचे दार उघडत आहे, परंतु ते एकेका राज्याच्या परंपरेच्या नावाने उघडत आहे. महाराष्ट्राच्या लाठीने तशी एकसंध नियमावली घेऊन पुढे येणे अजून बाकी आहे असे मला वाटते. तोपर्यंत आपल्या भाचीला लढतीचा अनुभव हवा असेल तर सिलंबम किंवा गतक्याच्या नियमांत खेळण्याचा विचार करावा. लाठीचा पाया असलेल्या खेळाडूला ते अवघड जात नाही.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पंचसाहेबांनी हाताच्या उशिराचे कारण इतके नेमके सांगितले की मी ते तसेच तिच्या सरांना वाचून दाखवले. ते म्हणाले की आपण हा दोष ठोशात शोधत होतो, खांद्यात शोधला नाही.

एक व्यावहारिक शंका उरते. गेल्या वर्षी एका सभागृहात भरलेल्या 'आंतरराष्ट्रीय खुल्या' स्पर्धेत ती काठीच्या लढतीत खेळली. तिच्या गटात मोजक्याच मुली होत्या आणि जवळजवळ प्रत्येकीला पदक मिळाले. तिने ते पदक घरी आणून कपाटात ठेवले आणि पुन्हा त्याचे नावही काढले नाही. प्रवेशशुल्क भरमसाट होते हा भाग वेगळा. मला वाईट वाटले ते तिच्या पडलेल्या चेहऱ्याचे. अशा स्पर्धा आधीच ओळखाव्यात कशा?

नाशिकची पालक

हा अनुभव आम्हीही घेतला आहे आणि त्यातून शिकलो ते सांगते. स्पर्धेच्या पत्रकावर कोणाचे छायाचित्र आहे ते पाहू नये. स्पर्धा कोणत्या संघटनेची आहे, ती संघटना कोणत्या राष्ट्रीय महासंघाला संलग्न आहे आणि त्या महासंघाला मान्यता आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. कराटेत हे अधिक काळजीने करावे लागते, कारण देशात कराटेच्या संघटनांत वर्षानुवर्षे वाद झाले, मान्यता दिल्या गेल्या आणि काढूनही घेतल्या गेल्या; त्या काळात खेळलेल्या कित्येक मुलांच्या प्रमाणपत्रांचे पुढे काय करावे हे कोणालाच सांगता येईना.

शालेय स्पर्धांचा मार्ग त्यामानाने सरळ आहे. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात, तालुका किंवा जिल्ह्यापासून विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी पायरी असते आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारले की कोणते खेळ यादीत आहेत ते समजते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण तेथे प्रमाणपत्राची विभागीय उपसंचालकांकडून पडताळणी होते आणि खेळ व स्पर्धा दोन्ही नियमांत बसावी लागतात. कपाटभर पदकांपैकी एखादेच त्या चाळणीतून पार पडते. मुलीला हे सर्व आताच समजावून सांगावे असे मला वाटते. सोळाव्या वर्षी मुलांना हे उत्तम कळते, आणि आपल्यापासून कोणी काही लपवले नाही याचे त्यांना समाधान असते.

तरीही एक गोष्ट जोडते. प्रमाणपत्राला किंमत नाही म्हणून लाठी सोडायला लावू नका. आमच्या मुलाला आम्ही असेच एक आवडते अंग सोडायला लावले आणि त्यानंतर उरलेल्या खेळातही त्याचे मन पूर्वीसारखे रमले नाही.

मनिलावासी

मी काही वर्षांपासून फिलिपाइन्समध्ये राहते. आपल्या चर्चेला उपयोगी पडेल म्हणून येथील अर्निसविषयी लिहिते.

अर्निस हा वेताच्या आखूड काठीचा खेळ आहे. काठी साधारण ७० सेंटीमीटरची असते आणि पुष्कळ प्रकारांत दोन्ही हातांत एकेक असते. या देशाने २००९ मध्ये कायदा करून, म्हणजे प्रजासत्ताक अधिनियम ९८५० नुसार, अर्निसला राष्ट्रीय क्रीडाप्रकार आणि राष्ट्रीय युद्धकला घोषित केले. कायद्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे तो शाळांत आला आणि 'पालारोंग पाम्बान्सा' या राष्ट्रीय शालेय स्पर्धांत खेळला जाऊ लागला. २००५ आणि २०१९ मध्ये दक्षिण-पूर्व आशियाई स्पर्धा या देशात झाल्या तेव्हा त्यांत अर्निस होता, आणि २०२३ मध्ये कंबोडियातील स्पर्धांतही तो खेळला गेला. सादरीकरणाला येथे 'आन्यो' म्हणतात आणि लढतींत मऊ आवरण असलेली काठी व साधी काठी असे वेगवेगळे प्रकार आहेत. त्यामुळे शाळकरी मूल मऊ काठीने सुरुवात करते आणि वय व तयारी वाढली की पुढच्या प्रकारात जाते. घरच्यांना भीती कमी वाटते, मुलाला लढतही मिळते.

कराटे शिकणारी अनेक मुले येथे अर्निसही शिकतात आणि कोणी त्यांना एक सोडण्याची घाई करत नाही, कारण दोन्ही खेळांना स्वतःची स्पष्ट पायरी आहे. लाठीसाठी मऊ आवरणाच्या काठीचा असा मधला टप्पा महाराष्ट्रात कोणी आखला तर किती बरे होईल, असे मला येथील शाळांची मैदाने पाहताना नेहमी वाटते.

एक भौतिकोपचारतज्ज्ञ

थोडक्यात लिहितो. लांब काठी फिरवताना मनगटाच्या करंगळीकडील बाजूवर सतत ताण येतो, तर ठोसा मारताना मनगट सरळ आणि ताठ लागते. काठीचा जोरदार सराव झाल्यावर थकलेल्या मनगटाने लगेच पॅडवर ठोसे मारले की मनगट आत दुमडते, आणि दुखापती तेथे होतात. मुठीची पकड काठीवर घट्ट आवळणाऱ्या मुलांचा कोपरापासूनचा हातही आखडतो आणि ठोसा मंदावतो. आपल्या भाचीच्या उशिरात याचाही वाटा असू शकेल. काठीच्या सरावानंतर किमान एक रात्र मध्ये जाऊ द्यावी, आणि करंगळीकडील बाजू दुखू लागली तर 'सरावाने जाईल' असे म्हणून दुर्लक्ष करू नये.

जुना पंच

तज्ज्ञांनी लिहिलेले कारण माझ्या लक्षात आले नव्हते, ते फार मोलाचे आहे.

'तालमीतला' यांना उत्तर : रोखलेल्या वाराबद्दल आपण लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे. कराटेचे मूळ गाव असलेल्या जपानच्या ओकिनावा बेटावरही काठी परकी नाही. तेथील कोबुदोमध्ये, म्हणजे पारंपरिक शस्त्रकलेत, सुमारे सहा फुटांची 'बो' ही काठी हाताच्या तंत्राबरोबरच शिकवली जाते आणि अनेक जुन्या गुरूंनी दोन्ही एकत्र जपले. जागतिक कराटे महासंघाच्या स्पर्धांत ती नाही, म्हणून आजच्या मुलांना ती दिसत नाही इतकेच.

आता धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मला वाटते, पुढची दोन वर्षे तिने स्पर्धांसाठी कुमिते मुख्य धरावे. कारण एकच : तेथे तिच्या वयाच्या आणि वजनाच्या मुली भरपूर आहेत, आणि हरल्यावर आपण नेमके कुठे कमी पडलो हे कळण्यासाठी बरोबरीचे प्रतिस्पर्धी लागतात. कराटे टोकियोत ऑलिंपिकमध्ये आले आणि पॅरिसला वगळले गेले. त्यामुळे ऑलिंपिकचे स्वप्न दाखवून कोणी तिला कराटेकडे ओढू नये. आशियाई स्पर्धांत मात्र ते १९९४ च्या हिरोशिमापासून आहे आणि तेवढे उद्दिष्ट कोणत्याही मुलीला पुरेसे मोठे आहे. लाठी बंद करू नये, पण कुमितेच्या स्पर्धेआधीच्या तीन-चार आठवड्यांत फिरकी थांबवून फक्त पावले आणि झेल यांचा सराव ठेवावा. कडेला सापडल्यावर बाजूने निघण्याचे तिचे कौशल्य लाठीतून आले आहे. ते मोडू नये, चौकटीत बसवावे. तिच्या सरांनी एकदा तालमीत जाऊन तिचा लाठीचा सराव पाहावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.

धागाकर्ता

आपली विनंती मी पोहोचवली आणि सर खरोखरच तालमीत गेले. वस्तादांनी त्यांच्या हातात काठी दिली आणि भाचीचे वार झेलायला सांगितले. टाच टेकवण्याबद्दल 'तालमीतला' यांनी लिहिले होते ते तेथे सर्वांसमोर सिद्ध झाले. त्यानंतर दोघांनी बसून तिचा आठवडा ठरवला : काठी आणि कुमिते वेगवेगळ्या दिवशी, चटईच्या कडेची रंगीत पट्टी, आणि स्पर्धेआधी फक्त झेल.

भाचीला हा संपूर्ण धागा वाचायला दिला. तिला कुमिते मुख्य धरणे मान्य आहे. तिची अट एकच आहे : शालेय राज्य स्पर्धा झाल्यावर तिला सिलंबमच्या नियमांनी स्पर्शाच्या लढती खेळून पाहायच्या आहेत, आणि ज्या गटात बरोबरीच्या मुली असतील तेथेच नाव द्यायचे आहे. चेन्नईकर, त्या नियमांची प्रत मराठीत किंवा इंग्रजीत कोठे मिळेल हे कळवलेत तर वस्ताद ती आतापासूनच वाचून ठेवणार आहेत.

चेन्नईकर

मुलाच्या आसानांकडे इंग्रजी प्रत आहे. ती मागून घेतो आणि लढतींचा भाग मराठीत उतरवून येथेच देतो. काठीची उंची खेळाडूच्या उंचीनुसार बदलते, तेव्हा भाचीची उंची तेवढी कळवावी.